पसंतीक्रम भरण्याआधी शिष्यवृत्तीचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: मार्क चांगले आहेत, मग शिष्यवृत्ती मिळेलच ना? यंदाच्या गठ्ठ्यातली सात पत्रे इथे घेतली आहेत. ज्या प्रश्नात पैसा जास्त अडकलेला आहे त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : मुलगा खुल्या प्रवर्गातला आहे, सीईटीला ९१ पर्सेंटाइल. आम्हा नवरा-बायकोचे मिळून वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत आहे. एका खासगी विद्यापीठाने ट्यूशन फीवर ५० टक्के 'मेरिट स्कॉलरशिप' देऊ केली आहे, पण आठ दिवसांत २५ हजार भरून जागा पक्की करा म्हणतात. कॅपची (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) पहिली फेरी अजून लांब आहे. सोन्यासारखी संधी हातची जाईल, अशी भीती वाटते.
— एक पालक, सांगली

सोने आहे की मुलामा, ते आधी पाहू. तुमच्या घरच्या उत्पन्नात मुलाला राज्य सरकारची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होऊ शकते. लोक तिला अजून 'ईबीसी' म्हणतात. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत, प्रवेश कॅपमधून, आणि एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना, अशा तिच्या मुख्य अटी. खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात मुलाला ती ट्यूशन फी आणि परीक्षा फीच्या ५० टक्के मिळते. ती मार्कांवर मिळत नाही, मिळते जागेवर: कॉलेज कोणत्या प्रकारचे आणि तुम्ही आत कोणत्या दाराने आलात, यावर. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठ आणि खासगी अभिमत विद्यापीठ या योजनेच्या बाहेर आहेत. म्हणजे तुम्ही त्या विद्यापीठात गेलात तर सरकारचे ५० टक्के सुटले आणि हाती राहिली ती विद्यापीठाची सवलत, त्यांच्या अटींवर.

आता आकडे मांडू. हे नमुन्याचे आहेत, तुमच्या ऑफर लेटरमधले आकडे त्यांच्या जागी घाला. कॅपमधल्या कॉलेजची ट्यूशन फी १,२०,०००, डेव्हलपमेंट फी १४,०००, बाकी किरकोळ ६,०००. शिष्यवृत्ती फक्त ट्यूशनवर धरली तर ६०,००० सुटले, भरायचे ८०,०००. चार वर्षांचे ३,२०,०००. विद्यापीठाची ट्यूशन फी २,५०,००० आणि इतर ३०,०००. पन्नास टक्के सवलत ट्यूशनवरच असते, म्हणून भरायचे १,५५,०००. चार वर्षांचे ६,२०,०००. सवलत दुसऱ्या वर्षाअखेर गेली तर पुढची दोन वर्षे २,८०,००० प्रमाणे, म्हणजे एकूण ८,७०,०००. दोन्हीकडे पाटी '५० टक्के' हीच, आणि फरक तीन ते साडेपाच लाखांचा.

सवलत जाते कशी? बहुतेक ठिकाणी ती टिकवायला दर वर्षी किंवा दर सेमिस्टरला ठरावीक सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) लागतो आणि एकही विषय मागे राहून चालत नाही. पहिल्या वर्षी गणित आणि मेकॅनिक्समध्ये भलेभले अडखळतात. बारावीला ८८ टक्के मिळवलेल्या मुलालाही साडेआठ सीजीपीए राखणे सोपे नसते. म्हणून ऑफर लेटरवर पुढच्या गोष्टी लेखी आहेत का ते बघा: टक्के कोणत्या फीवर, टिकवण्याची अट काय, एकदा गेलेली सवलत पुढच्या वर्षी परत मिळते का, आणि ट्यूशन फी दर वर्षी किती वाढू शकते. माहितीपत्रकातली ओळ आणि फोनवरचे आश्वासन हिशेबात धरू नका. ईमेलवर विचारा, उत्तरही ईमेलवरच घ्या. जे विद्यापीठ लिहून देत नाही, त्याची सवलत एकाच वर्षाची समजा.

राहिले २५ हजार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून भरलेल्या फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये, कापता येतात. पंधरापेक्षा कमी दिवस उरले असताना रद्द केला तर ९० टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांच्या आत ८० टक्के, सोळा ते तीस दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. काही वर्षी आयोग यापेक्षा सैल मुदत देतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता. त्यामुळे पैसे भरलेच तर पावतीवर 'प्रवेश शुल्क' असे लिहून घ्या. 'बुकिंग', 'कौन्सेलिंग', 'ना-परतावा नोंदणी' असले शब्द पावतीवर आले की परतावा मागताना वाद ठरलेला. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मात्र ठेवून येऊ नका. कॉलेजने मूळ कागद पाहून, तपासून परत द्यायचे असतात, अडवून ठेवायचे नाहीत, हे त्याच अधिसूचनेत आहे. आणि कॅपच्या प्रवेशावेळी तेच कागद तुमच्या हातात लागतील.

आमचे मत स्पष्ट आहे: सहा लाखांच्या आतल्या घराने कॅपची निदान पहिली फेरी पाहिल्याशिवाय असा सौदा करू नये. आठ दिवसांची घाई मुलाच्या भल्यासाठी नसते, ती कॅप सुरू व्हायच्या आत जागा भरण्यासाठी असते.

प्रश्न : मुलाच्या अर्जात टीएफडब्ल्यूएस भरले आहे. पसंतीक्रमात ते कोड वर ठेवायचे की खाली? आणि आमची मुलगी दोन वर्षांनी याच मार्गाने जाईल, तिलाही हेच लागू का?
— एक आई, कराड

टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागा. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या ५ टक्क्यांपर्यंत त्या जादा असतात. ६० च्या वर्गात तीन. उत्पन्नमर्यादा आठ लाख, जातीचा संबंध नाही, निव्वळ गुणवत्ता. कॅपच्या यादीत या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी टी असतो. घोटाळा इथेच होतो. अर्जात 'हो' म्हटले की माफी आपोआप लागेल असे समजून लोक साधेच कोड भरतात. टी असलेला कोड पसंतीक्रमात स्वतंत्रपणे भरला नाही तर ती जागा तुम्हाला कधीच मिळणार नाही, पर्सेंटाइल कितीही असो.

एकाच कॉलेजची एकच शाखा हवी असेल तर टीचा कोड वर आणि साधा कोड लगेच त्याखाली. त्याच जागेवर बसून ट्यूशन फी शून्य की अर्धी, एवढाच प्रश्न आहे, म्हणून यात विचार करण्यासारखे काही नाही. टीची कटऑफ साध्या जागेपेक्षा वर जाते, त्यामुळे ती हुकली तर खालचा कोड सांभाळून घेतो.

खरा पेच दोन वेगळ्या कॉलेजांत येतो. 'अ' कॉलेज मनापासून हवे आहे पण तिथे टी मिळण्यासारखे नाही. 'ब' कॉलेजात टी मिळेल. वरच्याच आकड्यांनी पाहिले तर टीच्या जागेवर वर्षाला डेव्हलपमेंट आणि इतर मिळून २०,००० भरावे लागतील, ईबीसीच्या जागेवर ८०,०००. चार वर्षांचा फरक २,४०,०००. 'अ' कॉलेज तुमच्या दृष्टीने एवढ्या रकमेचे आहे का, हा निर्णय घरात बसून पसंतीक्रम भरण्याआधी घ्यायचा. नंतर वेळ मिळत नाही. २०२५-२६ च्या इंजिनिअरिंग कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक मिळाली, की जागा आपोआप गोठत होती आणि पुढच्या फेरीचे दार बंद. तुमच्या वर्षीचा नियम माहितीपुस्तिकेत वाचा, पण वरचे सहा पर्याय 'मिळाले तर आनंदाने जाऊ' अशाच क्रमाने लावा. 'बघू या मिळते का' म्हणून सुचलेला पर्याय तिसऱ्या क्रमांकावर ठेवणे महागात पडते.

आणखी एक. टीच्या जागेवर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. पहिल्या वर्षानंतर मेकॅनिकलमधून कॉम्प्युटरला जाऊ, असा बेत असेल तर टी घेऊ नका.

मुलीचे गणित वेगळे आहे, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मी ओबीसी आहे. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक, आई अंगणवाडी सेविका. नॉन-क्रिमिलेयर (प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र) काढून ठेवले आहे. मुलींना सगळी फी माफ आहे ना, मग कोणतेही कॉलेज चालेल का? एका कॉलेजमधून फोन आला होता की कॅपमध्ये नाही लागले तर थेट आमच्याकडे ये, माफी आम्ही करून देऊ.
— एक विद्यार्थिनी, जालना

'सगळी' आणि 'कोणतेही', हे दोन्ही शब्द खोड.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन आणि परीक्षा फीची माफी ५० वरून १०० टक्के झाली. पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थेच्या पातळीवरचे प्रवेश वगळलेले आहेत. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही वगळलेली आहेत. तेव्हा त्या फोनवाल्यांनी जे सांगितले ते होण्यासारखे नाही. थेट प्रवेश घेतलास की तुझा माफीचा हक्क संपला, मग कॉलेजचा क्लार्क कितीही ओळखीचा असो. त्यांना एकच विचार: 'माझ्या वाटपपत्रावर कॅप राउंड लिहिलेला असेल का?'

माफी ट्यूशन आणि परीक्षा फीची आहे. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस, बस, गणवेश हे तुझ्या घरचे. म्हणून दोन कॉलेजांत निवडताना ट्यूशन फीचा आकडा तुझ्यासाठी निरर्थक आहे. डेव्हलपमेंट फी आणि राहण्याचा खर्च यांची तुलना कर. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार असते, त्यात ट्यूशन आणि डेव्हलपमेंट वेगळे दिसतात. टीएफडब्ल्यूएस घेऊन तुला ट्यूशनमध्ये जादा काही मिळणार नाही, उलट शाखा बदलण्याची वाट बंद होईल. हे कराडच्या ताईंच्या मुलीलाही लागू, ती या प्रवर्गांत बसत असेल तर.

आता तुझ्या घरची खरी अडचण. नॉन-क्रिमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. क्रिमिलेयर ठरवताना पालकांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न उत्पन्नाच्या कसोटीत धरत नाहीत. उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र पगारासकट सगळे येते. वडिलांचा पगार महिना ७०,००० असेल तर वर्षाचे ८,४०,००० झाले आणि आईचे मानधन त्यावर. नॉन-क्रिमिलेयर तुझ्याकडे बरोबरच आहे, आरक्षणाची जागा त्यावर मिळेल, पण आठ लाखांची अट उत्पन्नावर मोजली तर ती ओलांडली जाते. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी तहसील कार्यालयातून मागच्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढ. वडिलांचा फॉर्म १६ आणि आईचे मानधनाचे पत्र जोडावे लागेल. सेवा केंद्रातून अर्ज केल्यापासून १५ दिवस तरी धरूनच चाल; जून-जुलैत रांग वाढते. आकडा आठच्या वर गेला तर पूर्ण फीचा हिशेब धरूनच कॉलेजे लाव. वाटेत कुणी 'दाखल्यात थोडे कमी लिहून घेऊ' म्हणेल. पगारदाराचे उत्पन्न लपत नाही, आणि खोट्या दाखल्यावर घेतलेली रक्कम नंतर वसूल होते.

नॉन-क्रिमिलेयरची मुदतही तपास. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षात येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत तो चालू हवा. जात वैधता प्रमाणपत्र हाताशी नसेल तर आज अर्ज कर. काही वर्षी अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देऊन वैधतेसाठी मुदत दिली गेली, पण ती त्या त्या वर्षीची सवलत होती. मुदतीत वैधता आली नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश जातो.

आणि तू पात्र ठरलीस, कॅपमधून प्रवेश घेतलास, तरी कॉलेजने 'आधी सगळी ट्यूशन भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ' म्हटले, तर? पात्र विद्यार्थ्याकडून माफीची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सरकारच्या सूचना आहेत. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज दे, त्यात शासन निर्णयाची तारीख आणि तुझा कॅप अर्ज क्रमांक लिही, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घे. तोंडी भांडणापेक्षा हा शिक्का लवकर काम करतो. दाद लागली नाही तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात त्याच प्रतीवर तक्रार करता येते.

प्रश्न : मुलाला आठवीत एनएमएमएस (केंद्राची आर्थिक दुर्बल गुणवंतांसाठीची शिष्यवृत्ती) लागली होती, नववी-दहावीत पैसे आले. दहावीला ८१ टक्के. लातूरला इंटिग्रेटेड कोर्सवाल्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) ज्युनिअर कॉलेजात घालायचा विचार आहे. शिष्यवृत्ती पुढे चालेल ना?
— एक शेतकरी पालक, पाथर्डी

कदाचित नाही, आणि हे बहुतेक पालकांना प्रवेश झाल्यावर कळते. एनएमएमएसचे वर्षाला १२,००० रुपये बारावीपर्यंत मिळतात, म्हणजे तुमचे अजून २४,००० बाकी आहेत. दहावीला ६० टक्क्यांची अट (अनुसूचित जाती-जमातींना ५५) मुलाने सहज पार केली आहे. पण ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्यांनाच चालते. इंटिग्रेटेड कोर्स चालवणारी बरीच ज्युनिअर कॉलेजे स्वयंअर्थसहाय्यित असतात. तिथे प्रवेश घेतला की अकरावीचा अर्ज पडताळणीत गळतो.

अकरावीच्या ऑनलाइन यादीत प्रत्येक कॉलेजापुढे अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित ते लिहिलेले असते. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असतात, त्यांच्या नोंदी वेगळ्या. अनुदानित तुकडीचाच पर्याय भरा. लातूर-नांदेडच्या जुन्या नावाजलेल्या कॉलेजांतही अनुदानित तुकड्या आहेत, तिथे कटऑफ चढी असते. क्लासला घालायचेच असेल तर अनुदानित कॉलेजात नाव आणि क्लास बाहेर, असे जमते का पाहा. मात्र हजेरी खरी भरली गेली पाहिजे. तरीही इंटिग्रेटेडच हवे असेल तर २४,००० सोडले असे समजून त्या कोर्सची फी मोजा. काही घरांना ते परवडते, त्यात चूक नाही. चूक होते ती न मोजता जाण्यात.

अकरावीत नवे कॉलेज मिळाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करताना शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) बदलायला विसरू नका. तो तसाच राहिला तर अर्ज जुन्या मुख्याध्यापकांच्या लॉगिनला जाऊन बसतो. जुन्या शाळेला तो दिसतो पण मुलगा त्यांचा नाही, नव्या कॉलेजला तो दिसतच नाही, आणि पडताळणीची तारीख निघून जाते. अकरावी ५५ टक्क्यांनी (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्क्यांनी) पास झाला तरच बारावीचे पैसे, हेही मुलाच्या कानावर घाला. अकरावीला 'कोण विचारतो' म्हणून दुर्लक्ष करायची आपल्याकडे रीत आहे.

प्रश्न : बारावी विज्ञानला ८४ टक्के आहेत. बीएस्सी करणार. केंद्राची १२ हजारांची शिष्यवृत्ती ८० टक्क्यांवरच्यांना मिळते असे ऐकले. ती आणि राज्याची, दोन्ही भरू का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

८० टक्के आणि ८० पर्सेंटाइल यांत गल्लत झाली आहे. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीसाठी तुझ्या मंडळात, तुझ्या शाखेत पास झालेल्यांपैकी वरच्या वीस टक्क्यांत यावे लागते. त्या वर्षी निकाल सढळ लागला तर ही रेघ वर चढते, कडक लागला तर खाली येते. विज्ञान, वाणिज्य, कला यांच्या रेघा वेगळ्या. रेघेच्या वर असलास म्हणजे अर्ज करता येतो. निवड पुढे गुणानुक्रमे होते, कारण देशभर दर वर्षी नव्या ८२,००० शिष्यवृत्त्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे, शिक्षण नियमित हवे; पत्राद्वारे शिक्षण किंवा डिप्लोमा चालत नाही. पदवीची तीन वर्षे १२,००० आणि पदव्युत्तरला २०,०००. टिकवायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी.

दोन्ही घेता येत नाहीत. राज्याची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेणाऱ्याला ही मिळत नाही. तुझ्या बाबतीत निवड सोपी असावी: अनुदानित कॉलेजात बीएस्सीची ट्यूशन फी बहुधा १२,००० च्या कितीतरी खाली असते, तेव्हा केंद्राची फायद्याची. हाच प्रश्न इंजिनिअरिंगच्या मुलाने विचारला असता तर उत्तर उलटे असते. ६०,००० सोडून १२,००० कोण घेईल?

कॉलेज निवडताना एक गोष्ट ऑफिसात जाऊन विचार: राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर कॉलेज नोंदलेले आहे का आणि यंदाचा नोडल अधिकारी कोण? तुझा अर्ज आधी त्याच्याच लॉगिनला जातो. छोट्या कॉलेजांत हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडलेले असते, तो बदलून गेला तर लॉगिन बंद पडते आणि अर्ज तिथेच कुजतो. विद्यार्थ्याची शेवटची तारीख आणि कॉलेजच्या पडताळणीची शेवटची तारीख वेगळी असते. दुसरी तारीख तुझ्याच वहीत लिहून ठेव आणि तिच्या आठवडाभर आधी ऑफिसात चक्कर मार. बारावीचा आसन क्रमांक अक्षरासकट, गुणपत्रिकेवर आहे तसा भर. नाव आधारवर आणि गुणपत्रिकेवर वेगळे असेल (वडिलांचे नाव मधे आहे-नाही, आडनाव आधी की नंतर) तर आधी आधार दुरुस्त करून घे.

प्रश्न : महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात पैसे नाहीत. बँक म्हणते आधार लिंक आहे. कॉलेज बाकी फीसाठी मागे लागले आहे.
— एक विद्यार्थी, अमरावती

'लिंक' आणि 'सीडिंग' यांतला हा घोळ आहे. बँकेने तुझ्या खात्याला आधार क्रमांक जोडला म्हणजे लिंक झाले. शिष्यवृत्तीचे पैसे जातात ते राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीत तुझ्या आधारापुढे जी बँक आहे तिथे, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते, शेवटची नोंदलेली. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती बघ. तिथे भलतीच बँक दिसली तर दचकू नकोस: सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचे खाते उघडून दिलेले असते, आणि पैसे तिथे पडून असतात. तेही तपास. नसतील तर आपल्या बँकेत सीडिंगचा अर्ज दे आणि स्थिती 'सक्रिय' झाल्याची खात्री कर. खाते शाळेत असताना उघडलेले अज्ञान खाते असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर त्याचे केवायसी नव्याने करावे लागते, नाहीतर रक्कम परत जाते.

रक्कम साधारण दोन हप्त्यांत येते, त्यामुळे पहिला हप्ता पाहून 'कमी आले' म्हणून घाबरू नकोस. कॉलेजला अर्जाचा क्रमांक आणि मंजुरीचा स्क्रीन छापून दे. आणि अर्ज 'सेंड बॅक' (दुरुस्तीसाठी परत) तर झालेला नाही ना, हे आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघत जा. संदेश येतोच असे नाही. सेंड बॅकचे कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असते: दाखल्याचा बारकोड चुकला, रेशनकार्डाची मागची बाजू जोडली नाही. पण तो तसाच राहिला तर वर्ष गेले. पुढच्या वर्षीचे नूतनीकरण आपोआप होईल असे धरू नकोस, लॉगिन करून तपास. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली असेल तर तोही नवा.

प्रश्न : आम्ही बेळगावचे. मुलीची दहावी-बारावी इथेच झाली, घरी मराठी. कोल्हापूरला इंजिनिअरिंगला पाठवायचे आहे. आमचा अर्ज परराज्याचा धरतील का?
— एक पालक, बेळगाव

नाही. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी सीईटीच्या अर्जात 'प्रकार ई' अशी स्वतंत्र उमेदवारी आहे. महाराष्ट्र सरकारच्या यादीतल्या ८६५ गावांत तुमचे गाव आहे का ते पाहा. रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच लागतात. मजकूर बदललेला दाखला छाननीत परत येतो. नोंदणीच्या वेळी चुकून 'महाराष्ट्राबाहेरील' निवडले तर दुरुस्ती तक्रार नोंदवण्याच्या मुदतीतच होते, म्हणून तात्पुरती गुणवत्ता यादी लागली त्याच दिवशी उमेदवारीचा रकाना वाचा.

प्रवेशाची उमेदवारी आणि शिष्यवृत्तीची पात्रता या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. ज्या राज्य योजनेवर हिशेब बेतला असेल तिच्या पानावरची रहिवासाची अट प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला दाखवून विचारा. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीची ८० पर्सेंटाइलची रेघ मात्र तुमच्या मुलीला तिने बारावी ज्या मंडळातून केली त्याची, म्हणजे कर्नाटक मंडळाची लागेल. कॉलेज कोल्हापूरचे असले तरी.